चौदा चांदण्या आणि एक रिपर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बहिणीच्या मुलीला बारशाला द्यायची म्हणून गोधडी शिवायला घेतली. नऊ इंची चांदण्यांचे वीस चौकोन, आडवे चार आणि उभे पाच. त्यातले चौदा झाले. झाले म्हणजे कुठल्या ना कुठल्या चांदणीचं टोक जुळत नाही म्हणून उसवले, पुन्हा शिवले, पुन्हा उसवले. भाची आता बालवाडीत जाते, गोधडी अजून पिशवीत आहे. आणि तुम्ही विचारताय की हा परफेक्शनचा हट्ट सोडायचा कसा.

वाचून हसू आलं, पण ते माझंच आलं. माझ्या कपाटातही अशी एक पिशवी होती. ज्याच्यासाठी शिवत होते तो मुलगा इंजिनिअरिंगला गेला.

अठ्ठावीस वर्षं गोधड्या शिवतेय, त्यातली अर्धी शिकवण्यात गेली. स्वभाव बदलायचं औषध माझ्याकडे नाही, हे आधीच सांगते. दाराची कडी दहादा तपासणं, भांडं पुन्हापुन्हा घासणं असं शिवणाबाहेरही चालू असेल आणि त्यानं जीव मेटाकुटीला येत असेल, तर डॉक्टरांशी बोला. तिथं सुई-दोऱ्याचा उपयोग नाही. पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. मला दिसतं ते वेगळंच. कुठली चूक महत्त्वाची आणि कुठली नाही, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे सगळ्या चुका सारख्याच वाटतात आणि सगळ्यांवर रिपर, म्हणजे शिवण उसवायचं अवजार, चालतो. हा हट्टाचा प्रश्न कमी आणि पारखीचा जास्त आहे. पारख शिकता येते.

माझी पारख कुठून आली ते सांगते. लग्न होऊन साताऱ्याकडे आले तेव्हा टेलरिंगचा डिप्लोमा घेतलेली होते, म्हणजे चांगलीच शहाणी होते. उन्हाळ्यात सासूबाईंनी गोधडी घातली. ओसरीवर जुनं लुगडं पसरलं, चार कोपऱ्यांवर वजनाला पाटा, वरवंटा आणि दोन दगड. वर धोतराचे थर, त्यावर दुसरं लुगडं. हातानं मधून कडेकडे सपाट करत नेलं, लांब लांब कच्चे टाके घातले, आणि मग काठापासून सुरुवात करून फेरे घेत घेत मध्याकडे. मी, सासूबाई आणि शेजारच्या काकू, तिघी तीन बाजूंना. माझा टाका साबुदाण्याएवढा, एकासारखा एक. सासूबाईंचा गव्हाच्या दाण्याएवढा. काकूंचा कधी गहू, कधी शेंगदाणा. दुपारी त्या दोघी चहाला उठल्या तेव्हा मी काकूंची दीड ओळ उसवली. परत आल्यावर काकू काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी मात्र लुगडं उजेडाकडे धरून दाखवलं. उसवलेल्या जागी भोकांची रांग पडली होती, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी. बोटानं जरा ताणलं तर टरकन फाटलं. "शेंगदाणा टिकला असता," त्या म्हणाल्या, आणि वर एक ठिगळ लावून मोकळ्या झाल्या.

उसवणं फुकट नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. जुनं सुती कापड शेकडो वेळा धुतलेलं असतं, त्याचे धागे विरलेले असतात. सुईचं भोक एकदा बुजतं. धुतलं, चोळलं की धागे पुन्हा जवळ येतात. त्याच जागी दुसऱ्यांदा शिवून उसवलं की धागा तुटायला लागतो. शिवाय रिपरनं उसवताना कापड थोडं तरी ताणलं जातंच, आणि चांदणीच्या त्रिकोणांची तिरपी बाजू म्हणजे उरेब कापड, ते तर रबरासारखं वाढतं. म्हणजे पहिल्या वेळी टोक अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चुकलं असेल तर तिसऱ्या वेळी ते एक सूत चुकणार, कारण त्रिकोणच आता मूळ मापाचा राहिलेला नाही. तुम्हाला वाटतं हात सुधारत नाही. हात सुधारतोय, कापड बिघडतंय. म्हणून माझ्या क्लासमध्ये नियम आहे की एक शिवण एकदाच उसवायची. दुसऱ्यांदा चुकली तर ती तशीच राहील, नाहीतर तो तुकडा फेकून नवा कापायचा.

आता पारखीकडे. गोधडीचं पुढं काय होणार ते आधी डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला निघतात. नदीवर नाहीतर विहिरीवर नेऊन भिजवायच्या, दगडावर आपटायच्या, मग दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा. भिजलेली पाच थरांची गोधडी एकटीला उचलत नाही. ते सगळं वजन आणि तो पीळ शिवणीवर येतो. तुमची भाची शहरात असेल, गोधडी मशीनमध्ये जाईल. तिथंही ओढाताण असतेच. तेव्हा कुठलीही चूक दिसली की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते तो असा: पीळ दिल्यावर इथं काय होईल?

शिवणीत मार्जिन, म्हणजे शिवणीपलीकडे कडेला उरणारं कापड, पाव इंचापेक्षा फारच कमी राहिलं असेल, एखाद्या जागी जेमतेम एक सूत, तर ते धुण्यात सुटणार. उसवा. पाठीमागं बॉबिनचा दोरा सैल, लूप लोंबतायत, म्हणजे मशीनचं टेन्शन, दोऱ्याचा ताण, बिघडलंय. ती अख्खी ओळ उसवा आणि आधी मशीन बघा. लहान मुलांच्या पांघरुणात तर लोंबता लूप मी अजिबात ठेवत नाही, त्यात बोट अडकतं. हाताच्या टाक्यात गाठ थरांच्या आत ओढलेली नसेल, किंवा ओळ संपवताना दोन उलटे टाके घातले नसतील, तर तेही पुन्हा करा. दोन ओळींतलं अंतर कुठं चार बोटं झालं असेल तर आतले थर सरकून गोळा होतील. तिथं मध्ये एक ओळ जास्तीची घाला. उसवायला नको, भर घालायची. आणि पाठच्या कापडाला मोठी चुणी पडून ती शिवली गेली असेल तर तेवढा भाग सोडवा, कारण ती चुणी अंगाखाली टोचते.

यात चांदणीचं टोक कुठं आलं? कुठंच नाही. टोक पाव इंच कापलं गेलं तरी गोधडीची ऊब जात नाही, शिवण उसवत नाही, अंगाला टोचत नाही. तो फक्त डोळ्याचा प्रश्न आहे, आणि डोळा आत्ता कापडापासून वीतभर अंतरावर आहे. चौकोन दोरीवर चिमटा लावून लटकवा आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघा. तिथून खटकलं तर ठीक, विचार करू. तिथून शोधावं लागत असेल तर पुढं चला.

एक कबुली देते, म्हणजे मी हे सगळं साधुत्वानं सांगतेय असं वाटायला नको. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका मराठी घराची ऑर्डर आली. पांढऱ्या मांजरपाटावर लाल खणाच्या चांदण्या. प्रत्येक टोक सुईसारखं काढलं, दोन महिने रात्री जागले. तिथं पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटला आणि सगळं पांढरं गुलाबी झालं. कापायच्या आधी खण वेगळा भिजवून, पांढऱ्या रुमालावर घासून बघायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी दिली नाहीत, कारण माझं सगळं लक्ष टोकांवर. पैसे परत केले. माझा काटेकोरपणा काही कमी नव्हता, तो भलत्या जागी खर्च झाला होता.

आता हे परिस्थितीवरही अवलंबून आहे. पैसे घेऊन शिवत असाल तर गिऱ्हाईकाला दाखवलेल्या नमुन्याइतकं काम द्यायलाच हवं. तिथं "हातानं केलंय, असं होणारच" ही पळवाट चालत नाही. स्पर्धेला द्यायची असेल तर परीक्षक वीतभर अंतरावरूनच बघणार, टाके मोजणार. भिंतीवर लावायची असेल तर ती धुतलीच जात नाही, तिथं दिसणं हेच काम. तुमची गोधडी चार वर्षांच्या मुलीची आहे. ती तिच्यावर चहा सांडेल (नाहीतर तिचे बाबा सांडतील), तिचा तंबू करेल, ती फरशीवरून ओढत नेईल.

तुम्ही इन्स्टाग्रामवरच्या फोटोंचा उल्लेख केलाय. त्यातल्या बऱ्याच गोधड्यांवरची वरची शिलाई लाँगआर्म नावाच्या मोठ्या मशीनवर होते. नक्षी कॉम्प्युटरमध्ये भरायची, मशीन ती काढतं. त्याच्याशी घरच्या मशीनची आणि जुन्या साडीची तुलना करणं म्हणजे चुलीवरच्या भाकरीनं बिस्किटासारखं गोल व्हावं असं म्हणणं. आणि फोटो नेहमी जुळलेल्या कोपऱ्याचाच काढतात. मीही तसाच काढते.

याच बाबतीत लोक दोन गोष्टी नेहमी सांगतात. एक म्हणजे अमेरिकेतले आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. गोष्ट गोड आहे, पण तिथल्या गोधड्यांचा अभ्यास करणारे ती दंतकथाच मानतात. मला तर ती कधी पटलीच नाही. मुद्दाम चूक कशाला करायची? न मागता होतातच की!

दुसरी गोष्ट खरी आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतात घालून विटलेल्या पँट-शर्टांच्या गोधड्या शिवल्या, थंडीसाठी. पट्ट्या वाकड्या, चौकोन तिरके. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, पुढं ते न्यूयॉर्कला गेलं, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्या गोधड्यांची तिकिटं काढली. हे उदाहरण देऊन लोक म्हणतात, "बघा, वाकडं चालतं." मला त्यातून वेगळंच दिसतं. त्या गोधड्यांचे फोटो नीट बघा. खिशाखालची न विटलेली निळी जागा कुठं बसवायची, लाल पट्टी कुठं थांबवायची, हे अगदी विचार करून ठरवलेलं आहे. रेषा सरळ नाही, पण निष्काळजीपणाही नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंद, म्हणजे चिंध्यांची गोधडी, शिवतात. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीची सरमिसळ आहे आणि कामाची पद्धतही आपल्या ओळखीची. कडेपासून सुरू करायचं आणि चिंध्या दुमडून लावत लावत मध्याकडे यायचं. मोजपट्टी नाही, चिंधी जशी असेल तशी. पण चार कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावायचे, त्यांना फूल म्हणतात, ते मात्र लागतंच. फुलाविना कवंद म्हणजे उघडी-नागडी. म्हणजे मोजमाप सगळीकडे ढिलं, आणि एका जागी तडजोड नाही. तुम्हीही तुमच्या गोधडीपुरती अशी एखादी जागा ठरवा. माझी जागा पाठची बाजू. पुढं काहीही असो, पाठ गुळगुळीत पाहिजे, कारण अंगाला ती लागते.

आता तुमची टोकं का जुळत नाहीत त्याबद्दल, कारण अर्ध्या त्रासाचं कारण तांत्रिक आहे. मार्जिन अर्धा सूत जास्त पडलं तर दोन्ही बाजूंच्या तुकड्यांतून अर्धा-अर्धा असा एका शिवणीत एक सूत जातो. तुमच्या चौकोनात आडव्या रेषेत तीन तुकडे, म्हणजे दोन शिवणी, दोन सूत. चार चौकोनांचे आठ आणि ते जोडणाऱ्या तीन शिवणींचे तीन. अकरा सूत म्हणजे सव्वा इंचाहून जास्त. डोळ्याला न दिसणारा अर्धा सूत अख्ख्या रांगेत एवढा होतो. पण गंमत बघा, हा अर्धा सूत सगळीकडे सारखाच जास्त पडला तर सगळे चौकोन सारखेच लहान होतात आणि एकमेकांशी बरोबर जुळतात. गोधडी इंचभर लहान, बस्स. घोटाळा होतो तो काही चौकोन पाव इंचानं शिवलेत आणि काही उसवून "या वेळी नीट" म्हणून वेगळ्या मार्जिननं शिवलेत म्हणून. प्रत्येक वेळी सुधारण्याच्या नादात तुम्ही माप बदलत गेलात. मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर, दाबपायाजवळ चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला टेकवून शिवा, आणि उरलेले सहाही चौकोन होईपर्यंत ती हलवू नका. पट्टी किंचित चुकीची लागली असेल तरी हलवू नका.

कापण्याआधी जुन्या साडीला कांजी द्या, कडक इस्त्री करा. कापड कागदासारखं वागतं, उरेब ताणत नाही. नवं सुती कापड मिसळणार असाल तर ते आधी धुऊन घ्या. नवं कापड शेकडा तीन ते पाच टक्के आटू शकतं, साडी कधीच आटून बसलेली असते, मग धुतल्यावर नव्याच्या कडेनं चुण्या. इस्त्री घासत नेऊ नका. ठेवा, उचला, पुढं ठेवा. दोन तुकडे जोडताना एकाची शिवण डावीकडे पाडा, दुसऱ्याची उजवीकडे, म्हणजे दोन्ही शिवणी एकमेकींना अडतात आणि कोपरा आपोआप बसतो. पुढच्या वेळी चांदण्या घ्यायच्याच असतील तर काळ्यावर पांढरी घेऊ नका. छापील फुलाफुलांत दोन सूत सहज मुरतात, ठळक रंगात अर्धा सूतही बोंबलतो. आणि रात्री नऊनंतर रिपर डब्यात ठेवत जा. थकलेल्या डोळ्यांना चुका जास्त दिसतात आणि उसवताना हात घसरतो. माझ्या क्लासमध्ये कापडाला पडलेली निम्मी भोकं रात्रीची आहेत.

तर चौदा चौकोनांचं काय. जमिनीवर मांडा. पाठ तपासा, मार्जिन तपासा. ज्यांची शिवण धरत नाही ते दोन-तीन निघतील, तेवढेच दुरुस्त करा. बाकीच्यांतल्या वाकड्या चांदण्या कडेला ठेवा, सरळ मध्ये, कारण नजर आधी मध्यावर जाते. लहान-मोठे झाले असतील तर सगळ्यांत लहान चौकोनाच्या मापानं बाकीचे कापा. टोकं आणखी कापली जातील, जाऊ देत. वरून हातानं धावदोरा घातला आणि एकदा धुतलं की सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात, त्यात काय जुळलं नि काय नाही हे मलाही सापडत नाही. माझे टाके आता इंचाला पाच पडतात. डिप्लोमाच्या वेळी नऊ पडायचे. चष्मा लागला आणि गोधड्या पूर्ण व्हायला लागल्या.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत. गोधडी बारशाच्या मापाची आहे. चार नि पाच चौकोनांची म्हणजे 36 बाय 45 इंच, आणि चार वर्षांची मुलगी साधारण 40 इंच उंच असते. दोन-तीन वर्षांत पाय बाहेर यायला लागतील. चारी बाजूंना सहा-सहा इंचांची किनार लावा, 48 बाय 57 होईल, प्राथमिक शाळा संपेपर्यंत पुरेल. पट्टी साडेसहा इंच रुंद कापा, उभ्या धाग्यावर. आणि लांबीचं माप गोधडीच्या कडेवर घेऊ नका, कड ताणलेली असते. मधून एकदा आणि मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना एकेकदा असं तीन ठिकाणी मोजा, तिन्हींची सरासरी काढा, तेवढीच पट्टी कापा आणि गोधडी त्या पट्टीत बसवा. आधी लांब पट्टी शिवून मग उरलेली कापलीत तर किनार झालरीसारखी लाटा मारेल. तशी मारली तर उसवा. ती चूक स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसते.